मॅडम म्हणायचं नाही

गोपालला खोकला झालेला नव्हता. तरी सोमवारच्या मीटिंगमध्ये तो सारखा खोकत होता. त्याला अर्पिताशी बोलायचं होतं आणि तिला हाक कशी मारावी, हेच त्याला सुचत नव्हतं.

"पाणी घे, गोपाल," अर्पिता म्हणाली.

गोपाल पाणी प्यायला आणि पुन्हा खोकला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या हर्षलने पाय लांब केले आणि अगदी आरामात म्हटलं, "अर्पिता, एक मिनिट. तुझं हे चुकतंय."

झालं! गोपालच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता सॉफ्टवेअर कंपनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आली असेल, तर ती आधी काढून टाका. ही कंपनी वऱ्हाडातल्या चिखलीत बाजार समितीच्या रस्त्याला होती. खाली बियाण्याचं दुकान, वर कंपनी. जिन्यातून वर येणाऱ्या माणसाला आधी खताचा वास यायचा आणि मग एसीची हवा लागायची. कंपनी जिनिंगच्या कारखान्यांसाठी प्रोग्राम करायची. कापसाची गाडी आली, काट्यावर चढली, वजन झालं, बिल निघालं, असा सगळा तो कारभार. त्यातला काट्याचा प्रोग्राम गोपालने लिहिलेला होता. कंपनी उघडली तेव्हापासून तो तिथे होता. चहावाल्यापासून जिनिंगच्या मुनीमजींपर्यंत सगळे त्याला गोपालभाऊ म्हणत, आणि ते त्याला फार बरं वाटे.

कंपनी काढली होती धाड गावच्या भगवानरावांनी. त्यांचं स्वतःचं जिनिंग होतं. सगळा तालुका त्यांना दादासाहेब म्हणायचा. त्यांच्या काळात ऑफिसचे नियम सोपे होते. जिन्यात काठीचा आवाज आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, ते म्हणतील त्याला हाव म्हणायचं आणि ते गेले की बसायचं. मग गुडघे दुखायला लागले तसे ते जिना चढेनासे झाले आणि त्यांनी कंपनी लेकीच्या हवाली केली. अर्पिता पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांत नोकरी करून आलेली. आल्या आल्या तिने सगळ्यांना गोल बसवलं.

"इथे कुणी साहेब नाही, मॅडम नाही आणि ताईपण नाही," ती म्हणाली. "मी अर्पिता. मला नावानं हाक मारायची, अगं-तुगं करायचं. चुकले तर तोंडावर सांगायचं. जो मॅडम म्हणेल, त्यानं सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची."

पहिले काही दिवस ऑफिसची चंगळ झाली. जो तो चुकत होता आणि सगळे कचोऱ्या खात होते. हळूहळू बाकीचे शिकले. प्रोग्राम तपासणाऱ्या समताने तर साधी युक्ती काढली. ती नावच घ्यायची नाही. "हे बिल चुकलं," म्हणायची आणि कागद पुढे करायची. गोपालला मात्र ते जमेना. समोरच्याला आधी हाक घातल्याशिवाय त्याच्या तोंडून वाक्यच निघत नसे. आणि बाईमाणसाला नावाने हाक मारायची म्हणजे काय, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. घरात आई होती ती माय, बहीण होती ती बाई, भावजय होती ती वहिनी, आणि बायको होती ती 'अवं'. एवढ्यावर त्याचं आजवर भागलं होतं.

नाक्यावरच्या कचोरीवाल्याचं मात्र बरं चाललं होतं. गोपाल दिसला की तो विचारायचा, "काय गोपालभाऊ, आजही मॅडम म्हटलं का?"

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण दिवाळीच्या आत एक टीम लीड नेमायचा, असं अर्पिताने जाहीर केलं आणि वर म्हणाली, "मला असा लीड पाहिजे, जो माझ्याकडे बघून 'अर्पिता, तू चुकतेस' असं म्हणू शकेल." लीडची जागा आपलीच, हे गोपाल धरूनच चालला होता. नुसता धरून चालला नव्हता, तर शेगावला सासुरवाडीत सांगूनही बसला होता. त्याचा साडू बँकेत मॅनेजर होता आणि दर सणाला ते ऐकवायचा. त्याला एकदा तरी जळवायचं, ही गोपालची फार दिवसांची इच्छा होती. आणि आता मध्येच हा हर्षल उपटला.

हर्षल चिखलीचाच. चार बुकं पुण्यात शिकून आला होता, कंपनीत येऊन त्याला वर्षही झालेलं नव्हतं. गोपालशी तो आपल्या वऱ्हाडीत बोलायचा आणि अर्पिताकडे मान वळली की जिभेवर पुणं यायचं. त्याच्या 'अर्पिता' म्हणण्यात असा काही सहजपणा होता, जणू दोघं एका पाटीवर बाराखडी शिकलेत. गोपालला त्याचं सगळंच खुपायचं. त्याची दाढी, त्याचा कॉफीचा मग, त्याचं ते खुर्ची मागे झुलवणं. खुर्ची मोडून हा एकदा पडावा, असं गोपालला मीटिंगमध्ये फार वाटायचं.

तर त्या सोमवारी अर्पिताचं म्हणणं असं होतं की गाडी काट्यावर चढली की लगेच बिल निघालं पाहिजे. हर्षलने तिला थांबवलं.

"असं नाही करता येणार, अर्पिता. भरलेल्या गाडीचं वजन, मग गाडी खाली करायची, मग रिकाम्या गाडीचं वजन. ते वजा केल्याशिवाय कापूस किती, ते कळतच नाही. तू गाडीसकट कापूस विकत घेशील."

सगळे हसले. अर्पिताही हसली. "बघा, याला म्हणतात मोकळेपणा! थँक्यू हर्षल."

हे अक्षर अन् अक्षर शनिवारी गोपालनेच हर्षलला समजावून सांगितलं होतं. चहा पाजून सांगितलं होतं. गोपालचा जीव वरखाली झाला. आता बोललंच पाहिजे, हे आपलं आहे असं सांगितलंच पाहिजे. 'मॅडम' ओठावर आलं, ते त्याने गिळलं. 'ताई' आलं, तेही गिळलं. 'अर्पिता' काही वर येईना. आणि मग सवयीने जे यायचं तेच आलं.

"अवं, ऐकतं का?"

समताने हातातला माउस खाली ठेवला. हर्षलची खुर्ची झुलायची थांबली. अर्पिताने चष्मा काढून गोपालकडे पाहिलं.

"माझे बाबा आईला अवं म्हणतात, गोपाल," ती शांतपणे म्हणाली.

त्यानंतर आपल्याला काय सांगायचं होतं, ते गोपालला आठवलंच नाही. त्याने मुकाट्याने जाऊन कचोऱ्या आणल्या. 'अवं' नियमात बसतं की नाही, यावर थोडी चर्चा झाली, पण कचोऱ्या गरम असल्यामुळे ती लवकर आटोपली.

दुपारी हर्षल चहाच्या टपरीवर त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. "एवढं काय टेन्शन घेतं बे, गोपालभाऊ? नावच तं आहे. घरी सराव कर ना. सकाई आंघोय करता करता म्हन रोज. अर्पिता, अर्पिता. जीभ वयते आपोआप."

बरं, हा सल्ला हर्षलने खोडसाळपणे दिलेला नव्हता. तो मनापासून देत होता, आणि त्यामुळे गोपालला तो जास्तच झोंबला. माणूस वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण सल्ला त्याने पाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार लावून त्याने अंगावर पहिला तांब्या घेतला आणि दबक्या आवाजात म्हटलं, "अर्पिता." भिंतींनी ते जरा मोठं करून परत दिलं. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या तांब्याला तो म्हणाला, "अर्पिता, मला वाटतं..." तिसऱ्याला म्हणाला, "अर्पिता, तू चुकतेस." बुधवारपर्यंत त्याचा आवाज इतका मोकळा झाला की न्हाणीघराबाहेर तुळशीला पाणी घालणाऱ्या आईने, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, हात जोडले.

"सूनबाई, आयकलं का वं?" त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. "गोपाल जप करून राह्यला. आंघोयीच्या वक्ताले देवाचं नाव घेते आता. मले तं लयच बरं वाटलं."

"कोन्या देवाचं?" डिंपलने विचारलं. डिंपल म्हणजे गोपालची बायको. लग्नाआधी ती शेगावात कॉम्प्युटर क्लासवर शिकवायची आणि तिचे कान शाबूत होते.

"अर्पनादेवी का काय म्हने बापा. नवी असन एखांदी."

डिंपलने पोळी तव्यावर टाकली आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पोळी करपली. त्या दिवशी डब्यात तीच होती, आणि तिच्याबरोबर भाजी नव्हती.

गोपालला वाटलं, विसरली असेल. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच घोळ चालू होता. दिवसभर त्याने संधी शोधली होती, दोनदा तर 'अर्' पर्यंत पोचला होता. पायातली चप्पल काढत, ओसरीवर टेकत, नेहमीसारखं घराच्या आत न बघता तो म्हणाला, "अर्पिता, पानी दे वं जरा."

घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदा नावाने हाक मारली, आणि ते नाव दुसऱ्या बाईचं होतं!

डिंपल दारात आली. हातात पाणी नव्हतं.

"कोन आहे हे अर्पिता?"

"अवं ते... ते मॅडम आहे माही. हापिसातली."

"मंग मॅडम म्हना."

"मॅडम म्हनायचं नाही."

"काऊन?"

"कंपनीचा रूल आहे तसा."

"कोनं केला रूल?"

गोपाल घुटमळला. पण खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. "अर्पितानं," तो म्हणाला.

डिंपल आत गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, आणि तो रडवेला होता, रागाचा नव्हता. "सहा वर्सं झाले मले या घरात येऊन. अवं पानी दे, अवं चहा दे, अवं इकडं ये. माह्या बापानं एवढं हौसेनं नाव ठेवलं डिंपल. ते तुमच्या तोंडातून कधी निंगलं नाही. अन् तिच्या नावाचा जप! तेही अंगावर पानी घेऊन!"

"अवं पन..."

"पाह्यलं? पुन्हा अवं!"

गोपालने ओसरीवर बसल्या बसल्या पुष्कळ विचार केला. बायकोचं नाव घेऊन टाकावं आणि मोकळं व्हावं, असंही मनात आलं. पण आत आई बसलेली. आईसमोर 'डिंपल' म्हणायचं? त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकाच माणसाला दोन बायांची दोन नावं घ्यायची होती, आणि दोन्ही जमत नव्हती. हर्षलला यातलं एकही संकट नव्हतं. तो कुणालाही काहीही म्हणू शकत होता. देवाने त्याची जीभ कोणत्या मातीची केली होती कोण जाणे, गोपालला त्या क्षणी त्याचा नुसता हेवा नाही, राग आला.

गुरुवारी अर्पिताने नवीन कल्पना काढली. शनिवारी ऑफिसात कुटुंब दिवस. सगळ्यांनी घरच्यांना आणायचं, पुरीभाजी, मठ्ठा आणि बुंदी. "घरच्यांना कळू दे आपण कसे राहतो," ती म्हणाली. "त्याच दिवशी लीडचं नाव सांगेन. आणि बाबापण येतायत. लक्षात ठेवा, इथे बाबासुद्धा दादासाहेब नाहीत. त्यांनाही नावानंच."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादासाहेबांना नावाने? त्यांच्या जिनिंगवरचं कुत्रंसुद्धा त्यांच्यापुढे शेपूट घालून चालायचं.

"मग तू काय म्हणणार?" समताने विचारलं.

"मी बाबा म्हणणार. माझा बाबा आहे तो," अर्पिता म्हणाली.

हर्षलने मात्र पेन बोटात फिरवत म्हटलं, "डन. मी म्हणेन." अर्पिताने त्याच्याकडे असं कौतुकाने पाहिलं की गोपालला आपला साडू आठवला. लीड हाच होणार. आता शेगावला काय तोंड दाखवायचं?

घरी आल्यावर त्याने कुटुंब दिवसाचा विषय काढलाच नाही. पण समताने डिंपलला फोन करून निमंत्रण दिलं होतं.

"हापिसात लय गर्मी होते," गोपाल म्हणाला.

"एसी आहे म्हने."

"तो बंद राह्यते."

"बंद राहू द्या. मले अर्पिता पाह्यची आहे," डिंपल म्हणाली आणि कपाट उघडून मोरपंखी साडी काढली. अन्नपूर्णाबाईंनीही आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं. देवीचं दर्शन होणार असेल तर त्या मागे कशा राहतील?

शनिवारी ऑफिस ओळखू येत नव्हतं. टेबलं भिंतीला लावून मध्ये सतरंज्या घातल्या होत्या. कॉम्प्युटरांवर झेंडूच्या माळा होत्या. हर्षलचे आईवडील आले होते, समताची बहीण आली होती, पोरं खुर्च्यांवर बसून गोल गोल फिरत होती. गोपाल जिन्याकडे पाठ करून, भिंतीला लागून उभा होता. आई आणि बायको यांना कोपऱ्यात बसवावं, पुरीभाजी खाऊ घालावी आणि अर्पिता दुसऱ्या कोपऱ्यात असताना घरी न्यावं, असा त्याचा बेत होता. पण अर्पिताच हसत हसत चालत आली.

"नमस्कार! मी अर्पिता. तुम्ही गोपालच्या आई ना?"

अन्नपूर्णाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अवं माय! तू का अर्पिता?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शेतात हाका मारून तयार झालेला होता, तो खालच्या बियाण्याच्या दुकानातही ऐकू गेला असणार. "माहा गोपाल रोज सकाई आंघोयीच्या वक्ताले तुह्याच नावाचा जप करते वं! अर्पिता, अर्पिता, अर्पिता! मले वाटलं देवी आहे!"

पोरांच्या खुर्च्या फिरायच्या थांबल्या. समताने पुरीचा घास तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला. हर्षलला मठ्ठ्याचा ठसका लागला. अर्पिताची भुवई हळूहळू वर गेली.

"माझ्या नावाचा... जप?"

"हाव. अन् बुधवारी तं मलेच अर्पिता म्हटलं," डिंपल पुढे होत म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि हातांची घडी घातलेली होती. "आता तुमीच सांगा मले, हा कंपनीचा कोनता रूल आहे?"

लीडची जागा गेली, हे तर दिसतच होतं. पण नोकरी गेली, अब्रू गेली, बायकोही मोरपंखी साडीतच शेगावची गाडी धरणार, असं सगळं गोपालला एकदम दिसलं. आणि माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं. दोन्ही हात डोक्यावर मारले, डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"हे भगवान! कुठं आहेस बे तू? ये ना आता! वाचव मले!"

"अबे आलो ना," मागून आवाज आला. "जिना चढून राह्यलो होतो. कोनापासून वाचवू?"

गोपालने डोळे उघडले नाहीत. आवाज ओळखीचा होता आणि तो देवाचा नव्हता. जिन्याच्या तोंडाशी काठी टेकून, धापा टाकत, पांढऱ्या धोतरातले दादासाहेब उभे होते. भगवानराव!

तिकडे जिन्यापाशी काय झालं होतं ते नीट ऐका. हर्षल जिन्याच्या अगदी जवळ होता. गेले दोन दिवस त्याने मनात घोकलं होतं, की दादासाहेब आले की हात पुढे करायचा आणि म्हणायचं, 'हाय भगवान.' पण काठीचा आवाज कानावर पडला आणि त्याच्या आत शिरलेलं पुणं एका क्षणात उतरून गेलं. तो केव्हा वाकला हे त्यालाही कळलं नाही. गोपाल ओरडला तेव्हा हर्षलचं कपाळ दादासाहेबांच्या वहाणांवर होतं आणि तो म्हणत होता, "आशीर्वाद द्या, दादासाहेब."

अर्पिताने आधी हर्षलकडे पाहिलं, मग गोपालकडे. मग तिने टाळी वाजवली. ती एकटीच वाजवत होती, तरी मोठ्याने.

"बघितलं?" ती म्हणाली. "कुणी बघितलं? नुसतं नाव नाही, 'तू' म्हटलं त्यानं! बाबांना! आणि ये म्हणाला!"

"अवं, मी देवाले..." गोपालने तोंड उघडलं. समताने त्याच्या पायावर पाय दिला.

दादासाहेब काठी टेकत टेकत गोपालसमोर आले. "पुन्हा म्हन," ते म्हणाले.

"न-नाही दादासाहेब, ते चुकून..."

"दादासाहेब नको म्हनू. ते सारेच म्हनते. माही माय मेली तवापासून मले 'ये बे भगवान' कोनी म्हटलं नाही." म्हाताऱ्याने गोपालच्या पाठीत अशी थाप मारली की त्याला खराच खोकला आला. "अर्पिता, लीड का काय म्हनतं तू, ते याले कर. पोरगं भेत नाही."

"पण जप?" डिंपलने मध्येच विचारलं. तिचा मुद्दा अजून तसाच होता.

अर्पिता हसायला लागली. तिला सगळा उलगडा झाला होता. "डिंपल, अगं तो सराव करत होता! मला 'अवं' म्हणाला होता ना सोमवारी, सगळ्यांसमोर. ती सवय जावी म्हणून घरी घोकत होता बिचारा. एवढं मनावर घेणारा माणूस मी पुण्यातसुद्धा नाही पाहिला."

"तुमालेही अवं म्हटलं?" डिंपलने विचारलं. 'अवं' आपल्या एकटीचं होतं, हे तिच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आलं, आणि तिला जरा वेगळंच वाईट वाटलं. पण अर्पिताने तिला नावाने हाक मारली होती, तिचा हात धरून पुरीभाजीकडे नेलं होतं, आणि तिथे दोघींचं बुंदी संपेपर्यंत बोलणं चाललं. गोपालला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तो साडूला फोन लावायला जिन्यात गेला होता.

सोमवारी गोपाल इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेला. मीटिंगमध्ये अर्पिता म्हणाली, "आजपासून गोपाल लीड. आणि माझ्यासारखंच लीडलाही नावानंच बोलवायचं. गोपालभाऊ बंद. जो म्हणेल, त्यानं कचोरी आणायची."

गोपालचं हसू जागच्या जागी वाळलं.

"गोपाल, हे बिल चुकलं," समताने कागद पुढे केला. तिला आता नाव घ्यायला काहीच अडचण दिसत नव्हती. "तुझंच चुकलं आहे. बघ."

"ए गोपाल, पंखा लाव," कुणीतरी मागून म्हणालं. दुपारपर्यंत नाक्यावरच्या कचोरीवाल्यालाही नियम कळला. "काय गोपाल," तो म्हणाला, "आता कचोरीवाल्याले इसरलास का बे?"

आणि हर्षल? हर्षलला दादासाहेबांनी आपल्या गाडीत घालून धाडला नेलं. पोरगं संस्कारी आहे, मोठ्यांच्या पाया पडतं, जिनिंगवाल्यांशी बोलायला हेच पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. तिथले मुनीमजी त्याला हर्षलभाऊ म्हणू लागले. ते फोनवरून ऑफिसात ऐकू यायचं. हर्षल काही लीड नव्हता, त्यामुळे त्याला भाऊ म्हणायला नियमाची आडकाठी नव्हती. आठवड्याअखेर तो ऑफिसात चक्कर मारायला आला, तोवर ऑफिसही म्हणायला लागलं होतं. "हर्षलभाऊ, चहा घेता?" असं समताने विचारलेलं गोपालने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्याला वाटलं, राजीनामा द्यावा. पण शेगावला पेढे वाटून झाले होते.

त्या संध्याकाळी तो घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसला. डिंपल पोळ्या लाटत होती. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून तूरडाळ निवडत होत्या.

"अवं," तो म्हणाला, "हापिसात मले आता कोनी भाऊ म्हनत नाही. त्या हर्षलले म्हनते."

डिंपलचा हात थांबला. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून तिला खरोखरच दया आली. "एवढंच ना?" ती म्हणाली. "मंग मी म्हनत जाईन घरी. चालन का, गोपालभाऊ?"

"नको!" गोपाल ताडकन उठला. "डिंपल, नको!"

लाटणं पोळपाटावरून घरंगळलं आणि खाली पडलं. ते कुणी उचललं नाही.

"काय म्हटलं?" डिंपलने विचारलं.

"काही नाही."

"नाही, म्हटलं तुमी. पुन्यांदा म्हना."

गोपालने आईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पण सुटका नव्हती. "डिंपल," तो म्हणाला. डिंपलने चटकन तोंड तव्याकडे वळवलं, पण तिचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते.

अन्नपूर्णाबाईंच्या बोटांत एक खडा होता. तो त्यांनी टाकला नाही, तसाच चिमटीत धरून ठेवला.

"चांगलं आहे बापा तुमचं," त्या म्हणाल्या. "तुहा बाप जलमभर मले 'अवं'च म्हनत राह्यला. मंग तू झाला तं गोपालची माय. माह्यं नाव का वाईट होतं? पन या घरात कोनी घेतलंच नाही."

गोपाल पुन्हा उंबऱ्यावर बसला. तव्यावरची पोळी फुगली, ती डिंपलने उतरवली, गॅस बारीक केला आणि चहाचं पातेलं हातात घेतलं.

"अन्नपूर्णाबाई," ती म्हणाली, "चहा घेता का?"

म्हातारीने सुनेकडे टक लावून पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दे वं, डिंपल," त्या म्हणाल्या. "अन् साखर जरा बरी टाक."